जुन्या नोंदवह्या आणि कुळाचा शोध

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणीतला इशारा सर्वांना ठाऊक असतो आणि तरीही मूळ शोधण्याची ओढ कोणालाच आवरत नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात पूर्वी तीन कारणांसाठी माणसे येत: लग्न ठरले म्हणून, मुलाला शाळेत घालायचे म्हणून, किंवा परदेशी जाण्याच्या कागदपत्रांसाठी. तिघांनाही बाप्तिस्म्याचा दाखला हवा असे आणि दाखला हाती पडला की वही मिटत असे. अलीकडे चौथ्या प्रकारची माणसे येऊ लागली आहेत. त्यांना दाखला नको असतो. "फादर, आमच्या पणजोबांचे नाव जुन्या वहीत सापडेल का?" एवढेच ती विचारतात.

अशांपैकी एक निवृत्त शिक्षक दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. नातीचे लग्न जवळ आले होते. लग्नाच्या दिवशी घराण्याचा वंशवृक्ष छापून पाहुण्यांना द्यावा, असा त्यांचा मानस होता. घरात एक कथा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. त्यांचा मूळ पुरुष म्हणे पोर्तुगीज अमदानीत एका कप्तानाचा कारभारी होता, मोठ्या वाडीचा धनी होता आणि घराण्याचे पोर्तुगीज आडनाव हीच त्याची खूण. "कथा खरी आहे, फादर, फक्त कागदाचा आधार हवा," असे ते म्हणाले. त्या आधाराच्या शोधात आम्ही दोघांनी जवळजवळ एक वर्ष घालवले. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्या कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील आम्ही मुद्दामच दिलेले नाहीत.

प्रारंभी सरांनी विचारले, "इंग्रजांनी शिरगणती केली होती ना? मग ती कागदे कोठे आहेत?" प्रश्न रास्त होता. शिरगणती आणि कुळ यांचा संबंध आपणां ख्रिस्ती लोकांना नवा नाही. सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने नावनोंदणी निघाली, तेव्हा योसेफ दाविदाच्या कुळातला म्हणून गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमास गेला, असे संत लूक सांगतो. हिंदुस्थानात इंग्रज सरकारची पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली. मुंबई इलाख्यात ती त्याच साली पार पडली. साऱ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्यानंतर दर दहा वर्षांनी हे काम होत गेले. गणक घरोघर फिरले, प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, धंदा त्यांनी लिहून घेतला. परंतु सरकारला हवे होते ते आकडे. कोष्टके तयार झाली, जाडजूड अहवाल छापले गेले, आणि ज्या तक्त्यांवर माणसांची नावे होती ते नष्ट करण्यात आले. अमुक तालुक्यात किती ख्रिस्ती होते हे त्या अहवालांतून कळते. त्यांत आपला पणजा होता की नाही, हे कळत नाही. स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९४८ च्या जनगणना कायद्यानेही व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवली आहे. तिची पाहणी कोणालाही करता येत नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. तेथे १८४१ पासूनचे घरोघरचे तक्ते जपून ठेवले गेले आणि शंभर वर्षे उलटली की ते लोकांना पाहायला मिळतात. १९२१ चे तक्ते २०२२ साली खुले झाले. १९३१ चे मात्र कोणालाच कधी दिसणार नाहीत, कारण १९४२ साली लागलेल्या आगीत ते जळून गेले. ज्या राज्यकर्त्यांनी आपल्या देशातल्या मजुराचे नावही जपले, त्यांनीच आपल्या पूर्वजांचे फक्त आकडे जपले, हे पाहून मनाला थोडे लागते खरे.

या बाबतीत आपली स्थिती इंग्लंडपेक्षा आयर्लंडच्या जवळची आहे. डब्लिन शहरातले सरकारी दप्तरखाने ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातल्या शिरगणतीचे बहुतेक तक्ते त्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारने आधीच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यात आला होता. प्रॉटेस्टंट आयरिश चर्चच्या कित्येक नोंदवह्या सुरक्षिततेसाठी म्हणून त्याच दप्तरखान्यात आणून ठेवल्या होत्या, त्याही जळाल्या. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या मात्र वाचल्या, कारण त्या सरकारकडे गेल्याच नव्हत्या. त्या खेडोपाडी धर्मगुरूंच्या कपाटांतच पडून होत्या. आज त्याच वह्यांच्या आधारे जगभर पसरलेले आयरिश आपले मूळ शोधतात. २०१५ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे सर्वांना खुली केली. वसईच्या किंवा साष्टीच्या कॅथलिकाने यातून एक धडा घ्यावा. आपले कुळ सरकारच्या दप्तरात कमी आणि देवळाच्या कपाटात जास्त आहे.

या वह्या आल्या कोठून? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असे ठरवले की, प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची वही असावी, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवावीत. हेतू वंशावळीचा नव्हता. गुप्त विवाह होऊ नयेत, एका माणसाने दोन संसार मांडू नयेत, निषिद्ध नात्यात लग्ने होऊ नयेत, एवढाच तो हेतू होता. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या नेमून दिल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि पाचवी घरोघरच्या आत्म्यांच्या स्थितीची. ही पाचवी वही म्हणजे ख्रिस्तसभेची शिरगणतीच. पोर्तुगीज मुलखात उपवासकाळात धर्मगुरू घरवार यादी करीत आणि त्या यादीवरून कोणी पापनिवेदन केले, कोणी केले नाही, हे पाहत. अशी एखादी यादी हाती लागली तर संशोधकाला धनच सापडले म्हणावे, कारण तिच्यात घरातली सारी माणसे एकत्र दिसतात. पुढची मोठी सुधारणा १९०८ च्या पुनरुत्थान सणापासून अमलात आली. कोणाचेही लग्न कोठेही लागो, त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवायची आणि तेथल्या वहीच्या समासात टिपायची, असा तो नियम आहे. म्हणून जुन्या नोंदीइतकाच तिच्या बाजूचा समासही लक्षपूर्वक वाचावा.

वसईच्या वह्यांना इतिहासाचे घाव बसलेले आहेत. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षे त्यांचा अंमल येथे चालला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे पाद्रीही गेले, आणि मागे राहिलेल्या श्रद्धावंतांचा सांभाळ देशी धर्मगुरूंनी केला. या धामधुमीत किती कागद हरवले असतील याची कल्पनाच करावी. सामान्य कुटुंबाला १७३९ च्या मागची नोंद सापडणे हे भाग्यच समजायचे. त्यानंतर मराठ्यांचा अंमल, मग इंग्रजांचा. आणि ख्रिस्तसभेत पोर्तुगीज पाद्रुवादो व रोमची प्रोपागांडा यांचा दीर्घ वाद. १८८६ साली दमणचा धर्मप्रांत झाला आणि वसई त्यात गेली. १९२८ साली ती मुंबईच्या महाधर्मप्रांताला जोडली गेली आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वरिष्ठ बदलले की पत्रव्यवहाराची दिशा बदलते आणि वहीची भाषाही बदलते. म्हणून एकाच देवळाच्या कपाटात पोर्तुगीज, लॅटिन आणि इंग्रजी वह्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

आता शोधाच्या रीतीविषयी. नवशिका माणूस मूळ पुरुषापासून निघतो आणि पहिल्याच पावलावर अडखळतो. वाट उलटी धरावी. आपल्यापासून बापाकडे, बापापासून आजोबाकडे असे जावे आणि एका पायरीचा कागद हाती आल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवू नये. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईबापांची नावे मिळतात. तेथून बाप्तिस्म्याकडे आणि बाप्तिस्म्याकडून पुन्हा आईबापांच्या लग्नाकडे जाता येते. मृत्यूच्या वहीतले वय अंदाजी असते, त्यावर फार विसंबू नये.

देवळाच्या वहीला सरकारी कागदाची जोड द्यावी. महाराष्ट्रात जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी खेड्यांतल्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये होत असे. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने कानावर पडले तसे लिहिलेले असते. देवळाच्या वहीतला जुआंव तेथे जान्या होतो आणि सेबास्तियांव बस्त्या होतो. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख मिळते, पण ती '१ जून' असेल तर सावध व्हावे. जूनमध्ये शाळा सुरू होई आणि तारीख ठाऊक नसलेल्या मुलाला मास्तर तीच बहाल करीत. जमिनीच्या सातबाऱ्यापेक्षा फेरफाराची वही अधिक बोलकी असते, कारण खातेदार वारल्यावर वारसांची नावे तीत लागतात. वसई तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, हेही जुन्या कागदांच्या मागे लागणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पोर्तुगीज वह्यांत फसगतीच्या जागा बऱ्याच आहेत. सरांनी एका नोंदीत महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि त्यापुढे 'ब्रो' अशी अक्षरे पाहून जुलै लिहून घेतला. तो सप्टेंबर होता. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून सप्टेंबर सातवा. सात हा आकडा घालून सप्टेंबर, आठ घालून ऑक्टोबर, नऊ घालून नोव्हेंबर आणि दहाचा रोमन आकडा घालून डिसेंबर लिहिण्याची त्या लेखनिकांची रीत होती. एवढ्या एका चुकीमुळे आम्ही दोन महिने भलत्याच पानांवर माणूस शोधत होतो. नावांचीही अशीच काटछाट केलेली असते. पहिले अक्षर, शेवटची दोन अक्षरे, आणि मधले सारे वाचणाराने ओळखायचे.

परंतु सर्वांत मोठी फसगत आडनावाची. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा. पोर्तुगालमध्ये ही नावे अशी घडली. आपल्याकडे ती रक्ताबरोबर आली नाहीत. ती बाप्तिस्म्याबरोबर आली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रींचे आडनाव मिळे. सख्ख्या भावांना दोन वेगळी आडनावे मिळाल्याने ती घराणी कालांतराने एकमेकांना परकी झाली, असेही घडू शकते. आणि ज्यांचे रक्ताचे काहीच नाते नाही अशी दोन घरे एकाच आडनावाने भाऊबंद म्हणून वावरू शकतात. म्हणून शोधकाने आडनावापेक्षा आळीचे नाव, वाडीचे नाव आणि घराला पडलेले टोपणनाव यांचा माग अधिक विश्वासाने काढावा.

आमच्या धर्मग्रामातील जुन्या लोकांच्या तोंडी धर्मपित्याचे नाते मोठ्या मानाचे असते. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हा शब्द मुलाचे जन्मदाते आणि धर्मपिता यांच्यातील नाते दाखवणाऱ्या पोर्तुगीज शब्दापासून आला असे मानले जाते. एका समाजाचे नावच जर या नात्यावरून पडले असेल, तर ते नाते किती खोल रुजले होते हे वेगळे सांगावयास नको. वहीतला धर्ममातापित्यांचा रकाना वाचकाने औपचारिक समजून ओलांडू नये. अडचणीच्या वेळी या कुटुंबाजवळ कोण उभे राहिले, ते त्या रकान्यात लिहिलेले असते.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फेरफाराच्या वहीत आम्हांला मुलगे मिळाले. मुली फार थोड्या मिळाल्या, आणि मिळाल्या त्याही बहुधा हक्क सोडून देताना. १९२५ च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिलेला असताना ही स्थिती. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र मुलगी आणि मुलगा एकाच लांबीच्या ओळीत बसलेले आहेत. तिचेही नाव, तिचाही दिवस, तिचेही धर्ममातापिता. जमीनजुमल्याच्या कागदांवरून काढलेला वंशवृक्ष पुरुषांचाच होतो. आजी, पणजी, खापरपणजी यांची नावे हवी असतील तर देवळाच्या वहीकडेच यावे लागते. सरांच्या शोधाला जे वळण लागले तेही एका स्त्रीच्या नावापाशीच.

वडील आणि आजोबा लवकर सापडले. पणजोबांना वेळ लागला, तो वर सांगितलेल्या महिन्याच्या घोटाळ्यामुळे. अखेर १८७७ च्या पानांवर त्यांचा बाप्तिस्मा मिळाला. वय सुमारे दोन वर्षे. त्याच दिवशी, त्याच पानावर, वरच्या ओळीत एका प्रौढ स्त्रीचा बाप्तिस्मा होता. मुलाच्या नोंदीत आई म्हणून तिचेच नवे नाव लिहिलेले होते. पित्याच्या नावाची जागा कोरी होती. दोघांचा धर्मपिता एकच, आमच्याच धर्मग्रामातील एक बऱ्यापैकी शेतकरी. आणि ज्या आडनावाचा सरांना अभिमान होता ते आडनाव त्या धर्मपित्याचे होते.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही आपल्या हाताने मिटली.

त्या कोऱ्या जागेचा अर्थ काय? इतिहासाच्या अभ्यासकाने येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. घाटावरची हजारो माणसे पोटासाठी मुंबईकडे आणि कोकणाकडे उतरली. ही स्त्री त्यांतलीच असू शकेल. नोंद मात्र तसे सांगत नाही. बाप अज्ञात असेल तर तसे स्पष्ट लिहिण्याचा पोर्तुगीज शब्दप्रयोग ठरलेला होता आणि त्याच वहीत तो अन्यत्र वापरलेला आम्ही पाहिला आहे. येथे तो वापरलेला नाही. पिता ख्रिस्ती नव्हता म्हणून त्याचे नाव लिहिले नसेल, की तो आधीच वारला होता म्हणून, की आईने सांगितले नाही म्हणून? आणखी वीस वर्षे पुढे गेल्यावर तिच्या मृत्यूची नोंद मिळाली. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग आला आणि लवकरच तो ठाणे जिल्ह्यातही पोहोचला. १८९७ च्या आमच्या मृत्यूच्या वहीत अक्षरे घाईची आणि नोंदी दाटीच्या आहेत. त्या दाटीत ती आहे. तिच्या नावापुढे विधवा असा शब्द आहे आणि राहण्याचे ठिकाण म्हणून धर्मपित्याच्याच वाडीचे नाव आहे. विधवा हा शब्द तिच्या नवऱ्याची साक्ष समजावा, की शेजाऱ्यांनी तिच्यावर घातलेले पांघरूण, हे आम्ही ठरवू शकत नाही. एवढे मात्र खरे की, एका घराने तिला आणि तिच्या लेकराला आसरा दिला, नाव दिले, आणि वीस वर्षांनीही ती त्याच वाडीत होती.

आठवड्याने सर परत आले. त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले बंधू होते. बंधूंचे म्हणणे स्पष्ट होते. वंशवृक्षात धर्मपित्यालाच पिता दाखवावे. आडनाव जुळते आहे, कोण तपासायला जातो. आणि धर्मगुरूंनी तसा एक उतारा सहीनिशी द्यावा. "लग्नाच्या मांडवात आमच्या घराची शोभा करायची का, फादर?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग होता, पण रागाच्या खाली भय होते, आणि ते भय आम्हांला समजत होते. आपल्या समाजात कुळाचा प्रश्न आजही सोयरिकीच्या दारात उभा असतो. ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेऊन शतके लोटली, तरी जातीची आणि कुळाची उतरंड आपण घरात जपून ठेवली आहे. ती तशी नसती तर वहीतल्या एका कोऱ्या जागेला भिण्याचे कारणच नव्हते.

आम्ही उतारा दिला नाही. वहीतली नोंद ही धर्मगुरूची मालमत्ता नव्हे. दुरुस्ती करायची झाली तरी ती पुराव्याने, वरिष्ठांच्या अनुमतीने आणि मूळ अक्षर न खोडता समासात करायची असते. ख्रिस्तसभेच्या आजच्या, म्हणजे १९८३ च्या, धर्मकायद्यातही अविवाहित मातेच्या मुलाची नोंद कशी करावी याचे नियम आहेत. पित्याचे नाव सार्वजनिक दस्तऐवजाने सिद्ध झाले असेल, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर कबूल केले असेल, तरच लिहायचे. या नियमात पित्याबद्दल काळजी आहे तशी मातेबद्दलही आहे. तिच्यावर अंदाजाने काही लादायचे नाही. जे नियम आजच्या मातेला लागू, तेच न्यायाने १८७७ च्या मातेला लागू केले पाहिजेत. वंशवृक्षात काय छापावे हा कुटुंबाचा अधिकार, वहीत काय आहे हे सांगणे आमचे कर्तव्य, एवढे बोलून आम्ही थांबलो. थोरले बंधू निरोप न घेताच गेले. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले होते.

त्या काळात आम्ही संत मत्तयाचा पहिला अध्याय अनेकदा उघडला. सेमिनरीत असताना ही नावांची यादी आम्हांला कंटाळवाणी वाटे. आज तिच्यातल्या स्त्रिया नजरेसमोर येतात. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. कोणी परकी, कोणी बदनाम, कोणी दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या घरातली विधवा. सुवार्तिकाला ही नावे गाळता आली असती. बाकीच्या कित्येक आज्यापणज्या त्याने गाळल्याच आहेत. या चौघींना मात्र त्याने ठेवले. संत पौल तिमथीला लिहिताना अंत नसलेल्या वंशावळींच्या नादी लागू नये असे बजावतो. तो इशारा कुळाचा गर्व मिरवणाऱ्यांना आहे, असे आम्ही समजतो. पूर्वजांपैकी विसरल्या गेलेल्या माणसाला त्याचे नाव परत देणे, हा त्या गर्वाच्या नेमका उलट मार्ग आहे.

शेवटी या वह्यांच्या जपणुकीविषयी चार शब्द, आणि तेही आमच्या चुकीच्या कबुलीने. तरुणपणी साहाय्यक धर्मगुरू असताना आम्ही फाटलेल्या पानांना मोठ्या उत्साहाने चिकटपट्टी लावली होती. काही वर्षांतच पट्टी पिवळी पडली, तिचा डिंक कागदात उतरला आणि ती काढू गेल्यावर अक्षरे तिच्याबरोबर निघून आली. त्या पानांवरची काही नावे आता कोणालाच वाचता येणार नाहीत. जुनी शाई लोहयुक्त असे. ती कागद आतून खाते, त्यात आपला पावसाळा, कसर आणि वाळवी. म्हणून पाने चिकटवू नयेत. वही कोरड्या, हवेशीर जागी आडवी ठेवावी, जाणकाराकडून तिची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत धर्मप्रांताकडे असू द्यावी. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांनी आजच वही पेन घेऊन त्यांच्यापाशी बसावे. घराचे टोपणनाव, आज्यांची माहेरे आणि लग्नात पहिला मान कोणाचा, हे विचारून लिहून ठेवावे. आणि धर्मगुरूंनीही ध्यानात ठेवावे की, जुनी वही ही गप्पांचा विषय नव्हे. तिच्यात जिवंत माणसांच्या जखमाही आहेत.

सरांच्या नातीचे लग्न थाटात झाले. वंशवृक्ष छापला गेला नाही. आम्ही त्याविषयी विचारले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनापूर्वी, दोघे बंधू कार्यालयात आले. थोरले दाराशीच थांबले. सरांनी मिस्सासाठी नावांची यादी पुढे केली. आईवडील, आजोबा, पणजोबा अशी ओळखीची नावे होती. सर्वांत खाली त्या स्त्रीचे बाप्तिस्म्याचे नाव होते, पुढे आडनाव नव्हते. "आडनाव काय लिहू?" आम्ही विचारले.

उत्तर दाराकडून आले. "वहीत जेवढे आहे तेवढेच लिहा, फादर."